हृदय बंद पडल्यानंतरचा कोमा : ईईजीवरून सुधारणेचा अंदाज कसा बांधावा

बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू झाले, रक्तदाब सावरला, श्वास यंत्राच्या साहाय्याने नीट चालू लागला, तरी रुग्ण डोळे उघडत नाही, अशा वेळी अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो, तो म्हणजे हा माणूस शुद्धीवर येईल का. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जी साधने आज हाताशी आहेत, त्यांत मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, म्हणजेच ईईजी, हे फार जुने आणि तरीही अतिशय बोलके साधन आहे. हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून असा पहिला आलेख १९२४ साली घेतला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. हे यंत्र रुग्णाच्या खाटेपाशी नेता येते, त्याने इजा होत नाही आणि नोंद तासन्‌तास चालू ठेवता येते, म्हणून शंभर वर्षांनंतरही त्याचे स्थान टिकून आहे.

पुढील मार्गदर्शन अतिदक्षता विभागात नव्याने काम करू लागलेले डॉक्टर, परिचारिका आणि ईईजी तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनी ते वाचले, तर डॉक्टरांना नेमके काय विचारावे हे त्यांनाही उमगेल. येथे विचार केला आहे तो हृदयक्रिया बंद पडून मेंदूचा प्राणवायू तुटल्यामुळे आलेल्या कोमाचा. डोक्याला मार लागणे, मेंदूत रक्तस्राव होणे किंवा विषबाधा होणे या कारणांनी आलेल्या कोमाला हे निकष जसेच्या तसे लावू नयेत, कारण तेथे मेंदूची इजा वेगळ्या प्रकारची असते आणि ती भरून येण्याचा वेगही वेगळा असतो.

आलेखातील कोणतीही आकृती एकटी काही सांगत नाही. ती हृदय पुन्हा सुरू झाल्यापासून कितव्या तासाला उमटली आणि त्या वेळी रुग्णाच्या शरीरात गुंगीचे कोणते औषध किती होते, या दोन गोष्टी ठाऊक नसतील, तर तिचा अर्थ लावण्याच्या फंदात पडू नये. या लेखातील बहुतेक सर्व सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

घड्याळाला एवढे महत्त्व का

डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडपर्यंत जी विद्युतलहर पोहोचते, ती एकट्यादुकट्या चेतापेशीची नसते. मेंदूच्या बाह्य थरातील हजारो पिरॅमिड-आकाराच्या पेशींना त्यांच्या शेजारपेशींकडून जे संदेश मिळतात, त्यांतून निर्माण होणाऱ्या सूक्ष्म विद्युतदाबांची ती बेरीज असते. दोन पेशींमधील हा संदेशवहनाचा सांधा ऊर्जेवर चालतो, आणि रक्तपुरवठा थांबताच सर्वांत आधी तोच बंद पडतो. म्हणूनच हृदय थांबल्यावर काही सेकंदांतच आलेख मंदावतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सपाट होतो. पेशी मात्र त्या क्षणी मेलेली नसते. रक्ताभिसरण परतल्यावर तिची ऊर्जा भरून येते, सांधे हळूहळू पुन्हा बोलू लागतात, आणि हा परतीचा प्रवास किती लवकर होतो यावरून इजा किती खोल होती याचा अंदाज येतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिल्या काही तासांत आलेख सपाट दिसला, तर त्यावरून कोणतेही वाईट भाकीत करू नये, कारण पुढे पूर्ण बरे होणाऱ्या रुग्णांतही तो तसा दिसू शकतो. उलट, पहिल्या बारा तासांत अखंड चालणाऱ्या, पुरेशा उंचीच्या लहरी परतल्या, तर ते चांगल्या सुधारणेचे फार मोलाचे चिन्ह आहे, आणि हे चिन्ह पहिल्या दिवसानंतर हळूहळू आपले वजन गमावते, कारण उशिरा का होईना, बऱ्याच गंभीर इजा झालेल्या मेंदूतही लहरी अखंड होतात. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या एकाच आलेखावर विसंबणारा डॉक्टर ही आशेची खूण गमावून बसतो, म्हणून शक्य असेल तेथे नोंद पहिल्या बारा तासांतच सुरू करावी आणि चालू ठेवावी. सलग नोंदीची सोय नसेल, तर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या नोंदी सुमारे १२, २४, ४८ आणि ७२ तासांनी घ्याव्यात. प्रत्येक नोंदीवर तारीख आणि वेळ तर लिहावीच, पण हृदय सुरू झाल्यापासून किती तास लोटले हा आकडाही ठळकपणे लिहावा. माझ्या मते संपूर्ण अहवालात याहून महत्त्वाचा आकडा नाही.

आधी औषधांचा हिशेब करावा

प्रोपोफॉल, मिडाझोलॅम, थायोपेंटोन यांसारखी गुंगीची औषधे मोठ्या मात्रेत दिली, तर निरोगी मेंदूचा आलेखही तुटक होऊ शकतो, आणि तो इजेमुळे तुटक झालेल्या आलेखासारखा दिसू शकतो. म्हणून नोंद सुरू होताना कोणते औषध किती मात्रेत चालू आहे, शेवटची मात्रा केव्हा दिली आणि मधल्या काळात ती वाढवली की कमी केली, हे परिचारिकेच्या तक्त्यावरून उतरवून घ्यावे. शक्य असल्यास औषध थांबवूनच आलेख वाचावा. शरीरातील औषध निम्मे होण्यास लागणारा काळ म्हणजे अर्धायुकाल; असे पाच अर्धायुकाल उलटले म्हणजे त्याचा सुमारे तीन टक्के अंश उरतो, हा सर्वसाधारण हिशेब आहे. परंतु ज्याचे मूत्रपिंड किंवा यकृत नीट काम करत नाही, अशा रुग्णात तो फसतो. हृदय बंद पडून वाचलेल्या रुग्णांत हे अवयव अनेकदा दुखावलेले असतात. मिडाझोलॅम आणि त्यापासून शरीरात तयार होणारे सक्रिय घटक अशा रुग्णात कित्येक दिवस रेंगाळू शकतात. त्यातच शरीर ३३ अंशांपर्यंत थंड ठेवले असेल, तर औषधांचा निचरा आणखी मंदावतो. म्हणून तापमान, रक्तातील साखर, सोडियम, अमोनिया, युरिया आणि रक्तदाब यांची त्या वेळची नोंदही आलेखाशेजारी असावी.

औषधाचा मुद्दा एका दिशेने अधिक जोराने लागू होतो, हेही ध्यानात ठेवावे. औषध चालू असताना आलेख वाईट दिसला, तर तो औषधामुळे असू शकतो. पण औषध चालू असूनही आलेख अखंड आणि चांगल्या उंचीचा दिसला, तर त्या चांगुलपणावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

नोंद स्वच्छ घ्यावी

इलेक्ट्रोड १०-२० पद्धतीने, म्हणजे नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागील उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतची अंतरे टेपने मोजून, त्यांच्या १० आणि २० टक्क्यांवर लावावेत. घाईच्या वेळी कमी इलेक्ट्रोडची पट्टी लावली, तरी लहरींची सर्वसाधारण पार्श्वभूमी कळते, मात्र एखाद्याच भागात उमटणारी आकडी तीत निसटू शकते. त्वचा घासून, जेल भरून प्रत्येक इलेक्ट्रोडचा विद्युत रोध ५ किलोओहमच्या आत आणण्याचा प्रयत्न करावा आणि तो दोन्ही बाजूंना सारखा असावा.

अतिदक्षता विभागातील आलेखात मेंदूबाहेरच्या गोष्टींची भेसळ फार होते. हृदयाचे ठोके, श्वसनयंत्राचा दर, हवेच्या गादीचे हलणे, डायलिसिसचे यंत्र, सलाइनचे पडणारे थेंब, हे सर्व लयबद्ध असते आणि लयबद्ध असल्यामुळेच ते मेंदूचे वाटते. सपाट आलेखात तर ही भेसळ अधिकच उठून दिसते. तंत्रज्ञाने नोंदीच्या वेळी खाटेपाशी उभे राहून कोणती हालचाल कशाची आहे हे तेथल्या तेथे आलेखावर टिपावे; व्हिडिओ चित्रीकरण जोडीला असेल, तर फारच उत्तम. अंग सतत झटके देत असेल आणि स्नायूंच्या गोंगाटाखाली मेंदूच्या लहरी झाकल्या जात असतील, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्नायू शिथिल करणारे अल्पकालीन औषध देऊन खालचा आलेख पाहता येतो.

पार्श्वभूमी कशी वाचावी

वाचताना नवख्या माणसाचे लक्ष टोकदार, उंच आकृत्यांकडे आधी जाते. ते तिकडून काढून पार्श्वभूमीकडे वळवावे. प्रथम लहरींची उंची पाहावी. शेजारशेजारच्या इलेक्ट्रोडच्या जोड्यांमध्ये मोजलेली उंची २० मायक्रोव्होल्ट किंवा अधिक असेल, तर ती सामान्य समजतात. १० ते २० च्या दरम्यान असेल, तर कमी. आणि १० पेक्षा कमी असेल, तर आलेख दबलेला आहे असे म्हणतात. उंची कमी दिसली की यंत्राची संवेदनशीलता वाढवून तोच भाग पुन्हा पाहावा, कारण नेहमीच्या मापावर सपाट भासणाऱ्या रेषेत बारीक लहरी दडलेल्या असतात.

त्यानंतर अखंडता पाहावी. आलेख मधूनमधून दबत असेल आणि दबलेला काळ एकूण नोंदीच्या १० ते ४९ टक्के असेल, तर तो खंडित समजावा. दबलेला काळ निम्मा किंवा त्याहून अधिक असेल आणि मधेच लहरींचे झोत येत असतील, तर त्याला बर्स्ट-सप्रेशन म्हणतात. या शब्दांच्या व्याख्या अमेरिकन क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी सोसायटीने ठरवून दिल्या असून त्यांची अलीकडची आवृत्ती २०२१ ची आहे. अहवालात याच व्याख्या वापराव्यात, कारण ‘आलेख मंद आहे’ किंवा ‘बराच बिघडलेला आहे’ अशा वाक्यांतून दुसऱ्या डॉक्टराला काहीही कळत नाही.

बर्स्ट-सप्रेशन दिसल्यास झोतांच्या आकाराकडे बारकाईने पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. औषधामुळे येणारे झोत सहसा एकमेकांपासून वेगळे असतात, त्यांची सुरुवात हळूहळू चढती आणि शेवट हळूहळू उतरता असतो. प्राणवायूच्या अभावाने खोल इजा झालेल्या मेंदूत मात्र प्रत्येक झोत आधीच्या झोताची नक्कल असावी इतका सारखा असू शकतो, विशेषतः त्याचा पहिला अर्धा सेकंद. असे हुबेहूब झोत हे अतिशय वाईट चिन्ह मानले जाते. चार-पाच झोत एकाखाली एक ठेवून पाहिले, तर हा फरक डोळ्यांनीही कळतो.

चोवीस तासांनंतर, औषधांचा मोठा प्रभाव नसताना, तीन प्रकारचे आलेख अतिघातक गटात मोडतात : पूर्ण दबलेला आलेख, दबलेल्या पार्श्वभूमीवर ठरावीक अंतराने येत राहणारी टोके, आणि बर्स्ट-सप्रेशन. यांच्याखाली घातक गट येतो. खंडित आलेख, कमी उंचीचा आलेख, भरपूर नियतकालिक टोके असलेला आलेख किंवा उत्तेजनाला प्रतिसाद न देणारा आलेख असे प्रकार त्यात असतात. यांतील एखादेच लक्षण असेल, तर त्यावरून भवितव्य सांगू नये. घातक गटातील एकट्यादुकट्या लक्षणासह अनेक रुग्ण सुधारलेले आहेत. यांपैकी काहीही नसेल, तर आलेख सौम्य समजावा आणि तसे नातेवाइकांना मोकळेपणाने सांगावे.

हाक मारून, टिचकी मारून, नखावर दाब देऊन

आलेख बाहेरच्या उत्तेजनाला दाद देतो का, हे तपासल्याशिवाय नोंद बंद करू नये. सौम्य उत्तेजनापासून सुरुवात करावी. प्रथम रुग्णाला त्याच्या नावाने, घरात ज्या नावाने हाक मारतात त्या नावाने, कानाशी मोठ्याने हाक मारावी. मग टाळी वाजवावी, पापण्या उघडाव्यात, नाकपुडीत कापसाची वात फिरवावी, आणि शेवटी नखाच्या मुळाशी किंवा खांद्याच्या स्नायूवर दाब द्यावा. प्रत्येक उत्तेजनाची वेळ आलेखावर टिपावी, दोन उत्तेजनांमध्ये आलेख पूर्ववत होऊ द्यावा आणि प्रत्येक उत्तेजन निदान दोनतीनदा द्यावे. लहरींची उंची किंवा गती प्रत्येक वेळी बदलत असेल, तर प्रतिसाद आहे असे समजावे. नुसता स्नायूंचा गोंगाट वाढला किंवा उत्तेजनामुळे नियतकालिक टोके सुरू झाली, तर तो प्रतिसाद धरू नये.

प्रतिसाद दिसणे ही आशेची गोष्ट आहे. तो न दिसणे मात्र फारसा भक्कम पुरावा नाही, कारण एकच आलेख पाहून दोन अनुभवी डॉक्टरही याबाबत वेगवेगळी मते देतात आणि गुंगीच्या औषधाने प्रतिसाद झाकला जातो.

टोके, आकडी आणि अंगाचे झटके

ठरावीक अंतराने येणारी टोके दिसली की ती औषधांनी दाबून टाकावीत, असे वाटणे साहजिक आहे. टेलस्टार या चाचणीत नेमके हेच तपासले गेले. हृदय बंद पडल्यानंतर कोमात असलेल्या आणि आलेखात लयबद्ध वा नियतकालिक टोके असलेल्या १७२ रुग्णांपैकी काहींना ती टोके पूर्ण थांबेपर्यंत औषधे वाढवत नेली, इतरांना नेहमीचेच उपचार दिले. तीन महिन्यांनी वाईट परिणाम पहिल्या गटात ९० टक्के आणि दुसऱ्या गटात ९२ टक्के रुग्णांत दिसला. हे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. याचा अर्थ टोकांकडे दुर्लक्ष करावे असा नाही. खरी आकडी, जिच्यात लहरी वेगाने बदलत आणि पसरत जातात, तिच्यावर उपचार करावेतच; विशेषतः तिच्याखालची पार्श्वभूमी अखंड आणि प्रतिसाद देणारी असेल, तर नेटाने करावेत.

अंगाच्या झटक्यांबाबतही पार्श्वभूमीच निर्णायक ठरते. दबलेल्या आलेखावर झोतागणिक उडणारे अंग हे वाईट चिन्ह आहे. परंतु अखंड पार्श्वभूमीवर, डोक्याच्या मध्यरेषेत टोके उमटत असताना झटके येत असतील, तर तो रुग्ण शुद्धीवर येण्याची शक्यता असते. लान्स आणि ॲडम्स यांनी १९६३ साली वर्णन केलेल्या विकारात तर रुग्ण पूर्ण शुद्धीवर येतो आणि हालचाल करताना येणारे झटके तेवढे मागे उरतात. केवळ झटके पाहून आशा सोडल्याने असा रुग्ण हातचा जातो.

एकट्या आलेखावर निर्णय नको

युरोपियन रिससिटेशन कौन्सिल आणि युरोपियन अतिदक्षता वैद्यक संस्था यांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत याची पद्धत ठरवून दिली आहे. किमान ७२ तास उलटल्यावर, गुंगीचा प्रभाव नाही याची खात्री करून, रुग्ण बेशुद्धच असेल आणि वेदनेला त्याचा हातापायांचा प्रतिसाद ग्लासगो मापनात, म्हणजे शुद्धीची पातळी गुणांनी मोजण्याच्या पद्धतीत, ३ किंवा त्याखाली असेल, तर पुढील सहांपैकी निदान दोन गोष्टी आढळल्यासच वाईट परिणाम संभवतो असे म्हणावे. त्या अशा : ७२ तासांनंतर डोळ्यांच्या बाहुल्या आणि पारपटल दोन्हींची प्रतिक्षिप्त क्रिया नसणे, मनगटातील मज्जातंतूला विद्युत उत्तेजन दिल्यावर सुमारे २० मिलिसेकंदांनी मेंदूत उमटणारी एन-२० लहर दोन्ही बाजूंना नसणे, २४ तासांनंतर अतिघातक ईईजी, चेतापेशींना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे एनएसई हे प्रथिन ४८ किंवा ७२ तासांनी प्रतिलिटर ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असणे, ७२ तासांच्या आत सर्वांगाचे झटके अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ अखंड चालणे, आणि सीटी किंवा एमआरआयमध्ये विस्तृत इजा दिसणे. दोन खुणा जमल्या नाहीत, तर थांबावे, पुन्हा तपासावे.

यांपैकी एन-२० लहरीवर गुंगीच्या औषधाचा परिणाम फार कमी होतो, म्हणून ती ईईजीची चांगली जोडीदार आहे. मात्र मानेपर्यंतचे संदेश व्यवस्थित पोहोचत असल्याची खात्री केल्याशिवाय ती नाही असे म्हणू नये.

इतकी सावधगिरी का, याचे कारण वैद्यकीय आहे तितकेच नैतिकही आहे. सुधारणा होणार नाही असे सांगितले की अनेकदा उपचार थांबवले जातात, रुग्ण दगावतो, आणि भाकीत खरे ठरल्यासारखे दिसते. ते चुकीचे होते का, हे मग कधीच कळत नाही. आशेच्या भाकितात चूक झाली, तर काही दिवसांचे उपचार जास्त होतात. निराशेच्या भाकितात चूक झाली, तर माणूस जातो. म्हणून या दोन भाकितांसाठी पुराव्याचे माप एकच असू शकत नाही.

संगणकाची मदत घेताना

फिजिओनेट या वैद्यकीय नोंदींच्या खुल्या संग्रहाने २०२३ साली घेतलेल्या स्पर्धेचा विषय हाच होता : ईईजीवरून सुधारणेचा अंदाज बांधणारी संगणकीय प्रारूपे तयार करणे. सात रुग्णालयांतील हजाराहून अधिक रुग्णांच्या सलग नोंदी तीत वापरण्यात आल्या होत्या. अशा प्रारूपांचा खरा उपयोग सलग नोंदीतील हजारो मिनिटे न कंटाळता मोजण्यात आहे : दबलेल्या काळाचे प्रमाण, लहरींची उंची, वेगवेगळ्या कंपनसंख्यांमधील शक्ती, आणि या सर्वांचा तासागणिक चढउतार. प्रारूप स्वतः तयार करत असाल, तर एका रुग्णाच्या नोंदी शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या संचात विभागल्या जाऊ देऊ नका, आणि शेवटची परीक्षा ज्या रुग्णालयाची माहिती प्रारूपाने कधी पाहिलेली नाही तेथेच घ्या. त्या स्पर्धेत वाईट परिणामाच्या भाकितातील चुकीची मर्यादा ५ टक्के ठेवली होती. प्रारूपांची तुलना करण्यासाठी ती योग्य आहे. पण खाटेपाशी तिचा अर्थ असा होतो की, बरे होऊ शकणाऱ्या प्रत्येक वीस जणांपैकी एकाला आपण हताश ठरवू. हे मला मान्य होण्यासारखे नाही.

याउलट, संगणकामुळे एक दिलासा देणारी गोष्टही पुढे आली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूला ताजी इजा झालेल्या आणि आज्ञा न पाळणाऱ्या १०४ रुग्णांना हात उघडण्या-मिटण्याची सूचना देत ईईजी घेतला गेला. हात हलत नसतानाही १५ टक्के रुग्णांच्या लहरी सूचनेनुसार बदलत होत्या. वर्षभरानंतर दिवसाकाठी काही तास तरी स्वतःचे स्वतः सांभाळण्याइतके सुधारलेल्यांचे प्रमाण अशा रुग्णांत ४४ टक्के होते, तर इतरांत १४ टक्के. कोमातील रुग्णाच्या खाटेपाशी जपून बोलावे, याला यापेक्षा ठोस कारण मला ठाऊक नाही.

अहवाल आणि नातेवाइकांशी बोलणे

अहवालात ‘सुधारणेची शक्यता नाही’ असे लिहू नये. लिहावे ते असे : ‘हृदय सुरू झाल्यापासून ५० तासांनी घेतलेली नोंद. प्रोपोफॉल ८ तासांपूर्वी थांबवले आहे, तापमान ३६.८ अंश. पार्श्वभूमी खंडित, उंची २० मायक्रोव्होल्टच्या वर, हाकेला प्रतिसाद आहे, आकडी नाही. अतिघातक गटात मोडत नाही. ७२ तासांनी पुन्हा नोंद घ्यावी.’ असा अहवाल पुढच्या पाळीच्या डॉक्टराने रात्री दोन वाजता वाचला, तरी त्याला पुढचे पाऊल कळते.

नातेवाइकांना आलेखाचा कागद दाखवून तांत्रिक शब्द ऐकवू नयेत. त्यांना तीन गोष्टी सांगाव्यात : आज काय दिसले, त्यातले कितपत पक्के आहे, आणि पुढची तपासणी कोणत्या दिवशी, किती वाजता आहे. ‘काकू, आज लहरी कालपेक्षा बऱ्या आहेत. औषधाचा परिणाम अजून पूर्ण उतरलेला नाही, म्हणून आज ठाम काही सांगणार नाही. परवा सकाळी पुन्हा तपासू आणि अकरा वाजता मी स्वतः तुमच्याशी बोलेन,’ एवढे त्या दिवशी पुरते. आणि परवा अकरा वाजता, आलेखात नवे काही असो वा नसो, त्यांच्यापाशी जावे.